आठवणीचे फूल आणि जयंतीचा नाच

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा हिंदी चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरे, त्यांना फुटबॉलच्या मैदानावर आणणारा निवृत्तीला टेकलेला क्रीडाशिक्षक, आणि झोपडपट्टी व महाविद्यालय यांच्या मधली एक भिंत, एवढ्यावर तो उभा आहे. त्याच्याविषयी पुष्कळ लिहून झाले. अमिताभ बच्चन यांचा अभिनय, अजय-अतुल यांचे संगीत, चित्रपटाची लांबी, सगळ्याची दखल घेतली गेली. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या खोलीत मात्र या चित्रपटाविषयी एकच आक्षेप पुन्हापुन्हा ऐकू येतो. फुटबॉलच्या गोष्टीत भीमजयंती कशाला? बच्चनला बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे कशाला उभे केले? खेळात राजकारण आणू नये.

आक्षेप घेणारी ही माणसे दुष्ट नाहीत. ‘चक दे इंडिया’ पाहताना तिरंगा वर चढू लागला की ती डोळे पुसतात. ‘लगान’मध्ये भुवनने अस्पृश्य कचराला संघात घेतले की टाळ्या वाजवतात. २०१९ च्या विश्वचषकात महेंद्रसिंग धोनीने यष्टिरक्षणाच्या हातमोज्यांवर लष्करी तुकडीचे खंजिराचे बोधचिन्ह लावले आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने ते काढायला सांगितले, तेव्हा हीच माणसे परिषदेवर चिडली होती. म्हणजे मैदानावर चिन्हे नकोत असे त्यांचे म्हणणे नाहीच. काही चिन्हे त्यांना चिन्हे म्हणून दिसतच नाहीत आणि काही लांबूनच खुपतात. या दोहोंमधली रेघ कोण मारतो, हा या लेखाचा प्रश्न आहे. ‘झुंड’कडे येण्याआधी त्यासाठी थोडे लांबून फिरून यावे लागेल. आपल्याकडे क्रिकेट आणि कबड्डीचे राज्य. फुटबॉल तसा परका. पण त्या खेळात स्मृतिचिन्हांवरून जी भांडणे झाली, ती आपल्याला आपल्याच आळीतली वाटावीत अशी आहेत.

ब्रिटनमध्ये नोव्हेंबर उजाडला की लोक छातीवर तांबडे कागदी फूल लावतात. पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबले. फ्रान्स-बेल्जियमच्या रणभूमीवर उगवणारे पॉपीचे फूल, आपल्या खसखशीच्या कुळातले, १९२१ पासून तिथे मृत सैनिकांच्या आठवणीसाठी विकले जाऊ लागले. पैसा माजी सैनिकांच्या मदतीला जाई. मुळात हे शोकाचे फूल. घरोघरची तरुण पोरे मेली होती आणि आयांना कुठेतरी दुःख टेकवायला जागा हवी होती. हळूहळू त्या फुलाचा अर्थ सरकत गेला. १९४५ नंतर ब्रिटिश सैन्याने जिथे जिथे बंदूक चालवली त्या सगळ्या मोहिमा त्याच्या पाकळ्यांखाली आल्या. इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉल संघांच्या सदऱ्यांवर ते शिवले जाऊ लागले. ज्याने लावले नाही त्याला विचारणा होऊ लागली.

फुटबॉलच्या नियमात राजकीय आणि धार्मिक चिन्हांना बंदी आहे. त्या आधारे फिफा या जागतिक संघटनेने २०११ साली इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाला सदऱ्यावर फूल लावू दिले नाही; शेवटी तडजोड म्हणून काळ्या दंडपट्टीवर लावायला परवानगी मिळाली. ११ नोव्हेंबर २०१६ रोजी इंग्लंड आणि स्कॉटलंड समोरासमोर आले तेव्हा पुन्हा तोच वाद झाला. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी पार्लमेंटात फिफावर कडक टीका केली. दोन्ही संघ फुलाची दंडपट्टी बांधून उतरले. फिफाने इंग्लंडला ४५,००० आणि स्कॉटलंडला २०,००० स्विस फ्रँक दंड केला. त्याच वर्षी आयर्लंडच्या संघाने १९१६ च्या उठावाच्या शताब्दीचे चिन्ह सदऱ्यावर लावले होते. तो उठाव ब्रिटिशांविरुद्धचा. त्यालाही ५,००० फ्रँक दंड झाला. मारणाऱ्याची आठवण आणि मरणाऱ्याची आठवण, दोन्ही एकाच कलमाखाली! यात एक प्रकारची समता होती असे कुणी म्हणू शकेल. पण ती टिकली नाही. २०१७ साली नियमाचा अर्थ सैल करण्यात आला आणि फुलाला वाट मिळाली. चिन्ह तेच, छाती तीच, कापड तेच. काल जे राजकारण होते ते आज स्मरण ठरले. मध्ये बदलले ते एवढेच की एका बलाढ्य देशाचे सरकार, त्याचे राजघराणे आणि त्याची वृत्तपत्रे त्या फुलाच्या मागे उभी राहिली.

या सगळ्यात एक माणूस वेगळा उभा आहे. जेम्स मॅक्लीन. उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातल्या क्रेगन वस्तीतला पोरगा, इंग्लंडच्या क्लबांतून खेळलेला. ३० जानेवारी १९७२ रोजी त्याच्या शहरात नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळ्या झाडल्या. १३ जण त्या दिवशी मेले, चौदावा मागाहून गेला. मेलेल्यांपैकी काही त्याच्याच वस्तीतले. ब्रिटिश सरकारला त्याबद्दल माफी मागायला २०१० साल उजाडावे लागले. मॅक्लीन २०१२ पासून सदऱ्यावर फूल लावायला नकार देत आला. २०१४ साली त्याने आपल्या क्लबच्या अध्यक्षाला पत्र लिहून कारण सांगितले. दोन महायुद्धांत मेलेल्यांविषयी त्याला आदर आहे. फूल फक्त त्यांच्यासाठी असते तर तो ते रोज लावायला तयार होता. पण ज्या सैन्याने त्याच्या शहरातली माणसे मारली त्या सैन्याच्या सगळ्याच मोहिमांचे ते फूल झाले आहे, आणि ते लावणे म्हणजे आपल्या मेलेल्यांचा अपमान करणे. पत्र सरळ आहे, नम्र आहे. त्याचे फळ असे की पुढची कित्येक वर्षे दर नोव्हेंबरात हजारो प्रेक्षक त्याच्या पायाशी चेंडू आला की हुर्यो करत राहिले, शिव्या देत राहिले. मौन पाळण्याच्या दिवसांत हा गोंगाट! ज्यांच्या नावाने ते गप्प उभे राहतात, त्या मेलेल्या सैनिकांपैकी किती आयरिश होते हे त्यांना कुणी शिकवलेले दिसत नाही.

आता इकडे येऊ. डेरीच्या या पोराची बाजू घेताना दलित वाचकासमोर एक अडचण उभी राहते आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तो ज्या साम्राज्याच्या सैन्याचे फूल नाकारतो, त्याच साम्राज्याने उभारलेल्या एका स्तंभापुढे आपण १ जानेवारीला लाखोंनी जातो. कोरेगाव भीमाचा स्तंभ ईस्ट इंडिया कंपनीने स्वतःच्या विजयासाठी बांधला. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची ४९ नावे त्यावर आहेत आणि त्यांतली २२ नावे ‘नाक’ या अक्षरांनी संपतात. महाराची अस्पृश्यता जावी म्हणून कंपनीने ती नावे कोरली नव्हती. गोऱ्या सत्तेचे महारांवरचे प्रेम किती पातळ होते हे पुढच्या इतिहासाने दाखवलेच. अमुक जाती लढाऊ, तमुक बिनलढाऊ असे शास्त्र काढून १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांना आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांना सरकारपुढे अर्ज करावे लागले. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ महार्स नावाची पलटण उभी केली आणि काम झाल्यावर १९२१ साली मोडून टाकली. ब्रिटनमध्ये स्मृतीचे पहिले तांबडे फूल ज्या वर्षी विकले गेले, ते हेच वर्ष. तिकडे मेलेल्या सैनिकाची आठवण छातीवर चढली, इकडे जिवंत महार सैनिकाच्या अंगातला गणवेश उतरवला गेला.

मग बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी त्या स्तंभाकडे का गेले? कंपनीचा जयजयकार करायला ते गेले नव्हते. ज्या माणसाला गावात कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधायला लावले अशी आठवण त्याच्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, त्याचे नाव कुठेतरी दगडावर सन्मानाने कोरलेले आहे, हे त्यांना लोकांना दाखवायचे होते. दगड परक्याचा, नाव आपले. आपण नाव वाचायला जातो. डेरीचा पोरगा फूल नाकारतो आणि आपण स्तंभ स्वीकारतो, वरवर पाहता ही दोन टोके. पण दोन्हीकडे माणूस एकच गोष्ट मागतो आहे: माझ्या मेलेल्यांचा अर्थ मी लावीन, दुसऱ्याने लावलेला माझ्यावर घालू नका.

हा हक्क आपल्या देशात सर्वांना सारखा नाही, याचा पुरावा लष्कराच्या टोपीवरच सापडतो. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या बोधचिन्हात कोरेगावचा स्तंभ होता. नंतर तो काढून तिथे खंजीर आला. स्वतंत्र देशाच्या सैनिकाने कंपनीचा विजयस्तंभ मिरवू नये, असे कुणाला वाटले असेल तर ते समजण्यासारखे आहे. पण मग मद्रास रेजिमेंटच्या बोधचिन्हावरच्या हत्तीचे काय? तो हत्ती असईच्या लढाईचा. असई आपल्या मराठवाड्यात, जालना जिल्ह्यात. २३ सप्टेंबर १८०३ रोजी कंपनीच्या फौजेने तिथे शिंद्यांचा पराभव केला, म्हणून तो मान मिळाला. मराठ्यांवरच्या कंपनीच्या विजयाचा तो हत्ती आजही डौलात उभा आहे, आणि कुणी त्याला देशद्रोही म्हटलेले नाही. म्हणू नयेच. मात्र कोरेगावला जाणाऱ्यांना दरवर्षी देशभक्तीचा दाखला मागणाऱ्यांनी एकदा असईलाही जाऊन यावे. दाखला मागण्याचा हा प्रकार १ जानेवारी २०१८ रोजी कोणत्या थराला गेला ते आपण पाहिले.

एवढी जुळवाजुळव झाल्यावर मंजुळ्यांच्या कामाकडे पाहू. मैदान, भिंत आणि राष्ट्राचे चिन्ह ही त्रयी त्यांच्याकडे ‘झुंड’च्या आधीपासून आहे. २०१४ साली प्रदर्शित झालेला ‘फँड्री’ आठवा. शाळेच्या आसपास जब्याचे कैकाडी कुटुंब डुक्कर धरायला धावते आहे, शाळेतली पोरे खिदळत बघताहेत, आणि नेमके डुक्कर हाताशी येते तेव्हा शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सगळे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. डुक्कर निघून जाते. या दृश्यावर हसणारा प्रेक्षक मी पाहिला आहे, आणि हसता हसता गप्प होणाराही. दिग्दर्शकाने राष्ट्रगीताची थट्टा केलेली नाही. ते कुटुंब मनापासून उभे राहते. प्रश्न इतकाच की त्या गीताने जोडलेल्या देशात त्यांना डुक्कर धरण्यावाचून दुसरे काम का नाही. पुढे धरलेले डुक्कर काठीला बांधून बाप-लेक घेऊन जातात, आणि मागच्या शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा रंगवलेले दिसतात. ‘फँड्री’त महापुरुष भिंतीवर आहेत आणि माणसे भिंतीखालून ओझे वाहत जाताहेत. त्या चित्रांकडे जब्या मान वर करून पाहत नाही, पाहायला त्याला उसंतच नाही. भारतीय चित्रपटात प्रतीकाचा इतका निर्दय आणि इतका प्रामाणिक उपयोग मी फार थोड्या ठिकाणी पाहिला.

‘झुंड’मध्ये हेच महापुरुष भिंतीवरून खाली उतरतात. जयंतीची मिरवणूक निघते, गाणे वाजते, पोरे बेभान नाचतात आणि विजय बोराडे नावाचा शिक्षक बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे उभा राहतो. हे दृश्य करणारा नट कोण आहे याला महत्त्व आहे. अर्धशतक जो पडद्यावर विजय याच नावाने वावरला, १९७५ च्या ‘दीवार’मध्ये ज्याच्या छातीच्या खिशातला ७८६ क्रमांकाचा बिल्ला त्याचा जीव वाचवत होता, तोच हा विजय. त्या बिल्ल्याला कुणी राजकारण म्हटले नाही. ते श्रद्धेचे चिन्ह म्हणून लोकांनी डोक्यावर घेतले आणि चांगले केले. आता त्याच विजयपुढे बाबासाहेबांची तसबीर आली की शिक्षकांच्या खोलीत कुजबूज सुरू होते. हिंदी चित्रपटात गणपतीपुढे नाचणारा नायक आपण किती वेळा पाहिला आहे? त्या नाचाने कथा थांबते असे कुणाला वाटत नाही, कारण तो ‘आपला’ नाच आहे. जयंतीच्या नाचाने कथा थांबते, कारण तो ‘त्यांचा’.

माझ्या मते जयंतीशिवाय ही कथा खोटी झाली असती. या पोरांना फुटबॉल येण्याआधी एकत्र येण्याची एकच शिस्त ठाऊक होती, ती जयंतीची. वर्गणी, मंडप, मिरवणूक, कुणी कुठे उभे राहायचे, भांडण झाले तर कुणी सोडवायचे. गर्दीला संघ करण्याचे जे काम बोराडे सर चेंडूने करतात, ते वस्तीने तसबिरीने आधीच थोडेफार केलेले आहे. चित्रपट हे बोलून दाखवत नाही, पण दृश्यांच्या क्रमात ते आहे. (जयंतीत डीजे असावा की नसावा, वर्गणीसाठी दुकानदाराशी दांडगाई करावी की नाही, हा आपल्या चळवळीतला जुना वाद आहे. तो आपण घरात जरूर घालावा. माझे मत डीजेच्या विरुद्ध आहे. आणि एखाद्या पोराला त्या नाचात यायचे नसेल तर त्याच्याकडे संशयाने पाहण्याची सवयही आपल्यात शिरते आहे. नोव्हेंबरातले इंग्रज प्रेक्षक व्हायचे नसेल तर ती वेळीच मोडली पाहिजे.)

इथपर्यंत मी चित्रपटाच्या बाजूने आहे. माझी तक्रार उत्तरार्धाशी आहे. महाविद्यालयाच्या संघाशी सामना होईपर्यंत ‘झुंड’चा फुटबॉल हा भिंतीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या माणसांतला व्यवहार असतो. नंतर झोपडपट्टीचा राष्ट्रीय संघ बनवून परदेशी पाठवण्याची गोष्ट सुरू होते आणि खेळ देशभक्तीच्या ओळखीच्या रस्त्याला लागतो. मंजुळे सावध आहेत. एका लहान पोराच्या तोंडून भारत म्हणजे काय असा प्रश्न ते विचारून घेतात, आणि त्या प्रश्नाचे उत्तर कुणाकडेच चटकन नसते. रिंकू राजगुरूने केलेली आदिवासी मुलगी मोनिका आणि तिचा बाप ओळखीच्या कागदांसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवतात; ज्यांचे पूर्वज इथले मूळ रहिवासी, त्यांनाच आपण इथले असल्याचा कागद मिळत नाही. हा भाग चित्रपटातला सर्वांत सशक्त भाग आहे. कागदाच्या एका तुकड्यापुढे तिरंग्याची सगळी भावुकता फिकी पडते, हे इतक्या शांतपणे दाखवणारा दिग्दर्शक दुसरा नाही.

पण शेवटी विमान उडतेच. डॉनवरचा पोलीस केसचा अडसर दूर होतो, बोराडे सर न्यायालयात भिंतीविषयी बोलतात, न्यायाधीश विरघळतात. ‘भिंत ओलांडण्यास सक्त मनाई’ अशा अर्थाची पाटी खाली राहते आणि पोरे वरून जातात. प्रतिमा सुंदर आहे. तरीही माझ्या मनात शंका उरते. भिंत पाडली गेली नाही. तिच्या वरून निवडक पोरे उडवली गेली, आणि तीही देशाच्या नावाचा सदरा घालायला तयार झाल्यावर. झोपडपट्टीतल्या पोराला माणूस म्हणून मान मिळावा, यासाठी त्याने देशासाठी गोल करणे ही अट का असावी? जो गोल करू शकत नाही, ज्याचा पाय अधू आहे, जो नुसताच गांजा ओढून रेल्वेरुळाकडे बसला आहे, त्याचे काय? मॅक्लीनची गोष्ट इथे पुन्हा आठवते. फूल लावले तर तू आमचा. नाही लावलेस तर तुझे पायही आमच्या कामाचे नाहीत.

खेळातल्या गुणाने जातीची भिंत पडते या विश्वासाची आपल्याकडे एकदा पुरेपूर परीक्षा झालेली आहे. पाळवणकर बाळू चांभार कुटुंबातला डावखुरा गोलंदाज. पुण्यात हिंदू संघातून खेळताना मैदानावर सवर्ण खेळाडू तोच चेंडू हातात घेत, पण चहाच्या वेळी त्याला तंबूबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. त्याच वर्षी २९ जुलैला कलकत्त्यात मोहन बागानच्या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड जिंकली. अकरापैकी दहा जण अनवाणी होते. तो दिवस राष्ट्राच्या स्मृतीत गेला. क्लब तो दरवर्षी पाळतो, १९८९ साली भारत सरकारने क्लबच्या नावाने टपाल तिकीटही काढले. अनवाणी पायांनी गोऱ्यांना हरवणे ही राष्ट्राची आठवण झाली. मातीच्या भांड्यातला चहा कुणाची आठवण झाला? बाळूला हिंदू संघाचे कर्णधारपद कधी नीट मिळाले नाही. ते त्याचा भाऊ विठ्ठल याला १९२३ साली मिळाले, तेही बऱ्याच रुसव्याफुगव्यांनंतर. ‘झुंड’च्या विमानाकडे पाहताना मला हा तंबू दिसतो.

भिंत आणि तसबीर हा केवळ पडद्यावरचा विषय नाही, हे मराठवाड्याच्या माणसाला वेगळे सांगायला नको. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत दलितांची घरे पेटली. मागणी जमिनीची नव्हती, पैशाचीही नव्हती. एका पाटीवर एक नाव मागितले होते. ते मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडले, आणि तेही विस्ताराच्या रूपाने. तेव्हाही म्हणत असत, विद्येच्या मंदिरात राजकारण नको. तेच वाक्य आज मैदानाच्या नावाने ऐकू येते.

आणि परभणी. १० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्थानकाजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद झाला, दगडफेक-जाळपोळ झाली, मग वस्त्यांत धरपकड झाली. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. संबंधित पोलिसांवर गुन्हा नोंदवा, असा आदेश मिळायला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावे लागले, २०२५ चा जुलै यावा लागला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथेही त्याला दाद मिळाली नाही.

संविधानाची प्रतिकृती हे कुणाचे चिन्ह? तिरंगा ज्या अर्थाने देशाचे चिन्ह आहे, त्याच अर्थाने तेही. सव्वीस जानेवारीला शाळेशाळेच्या पटांगणावर त्याचे प्रास्ताविक वाचले जाते. तरीही त्या दहा तारखेनंतर गावात जे बोलणे चालू होते त्यात ‘त्यांचे काहीतरी फोडले’ असाच सूर होता. देशाचा मूळ कायदा एका समाजाची खासगी चीज होऊन गेला. सोमनाथ वडार समाजातला. ज्यांनी ही गोष्ट ‘एका जातीची’ म्हणून बाजूला सारली, त्यांनी निदान एवढे तरी विचारात घ्यायला हवे होते. आमच्या शिक्षकांच्या खोलीत तेव्हा चार दिवस फारसे कुणी बोलले नाही. त्या आधीच्या आठवड्यात, ७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिनाचे छोटे झेंडे सगळ्यांनी खिशाला लावले होते. मीही लावला होता, आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही. सैनिकाच्या विधवेला पैसे जात असतील तर तो झेंडा मी पुढेही लावीन. माझे म्हणणे फक्त त्या चार दिवसांच्या गप्पपणाविषयी आहे. तो शोकाचा नव्हता.

‘झुंड’ २०२२ चा, परभणी २०२४ ची. चित्रपटाला पुढचे ठाऊक असण्याचे कारण नाही. पण समीक्षकाला मागे वळून वाचण्याची मुभा असते. बोराडे सरांचा तो संघ परदेशातला सामना खेळून परत आला असेल. जिंकला की हरला हे चित्रपट दाखवत नाही, आणि ते न दाखवणे हा मंजुळ्यांचा मोठेपणा आहे. परतल्यावर डॉन त्याच वस्तीत राहायला गेला असेल, कारण दुसरीकडे त्याला घर कोण देणार? एप्रिलात तो पुन्हा जयंतीत नाचला असेल. आणि एखाद्या डिसेंबरात वस्तीत पोलीस शिरले, दार ठोठावले गेले, तर त्याच्या हातात एक पासपोर्ट असेल, देशाचे नाव लिहिलेला एक सदरा असेल आणि भिंतीवर एक तसबीर असेल. दारातल्या हवालदाराला तो या तिघांपैकी काय दाखवेल, आणि त्यातले काय चालेल, हे दाखवणारा चित्रपट मंजुळ्यांनी किंवा आणखी कुणी अजून करायचा आहे.